रोह्याच्या बाकावर घेतलेली गोळी

तुमचा देवावर विश्वास आहे का, असं मला त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच उलट चार शब्द ऐकवले असते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एकतीस वर्षं आखणी केलेल्या बाईला असं विचारायचं म्हणजे हलवायाला गोड आवडतं का, असं विचारण्यासारखं आहे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सीझनला दिवसाला साठ-सत्तर जोड डोळे माझ्या हातून व्हायचे. ज्याच्यापुढे लोक हात जोडून उभे राहतात, तो माझ्यासमोर फळीवर ओळीने बसलेला असायचा, पाठीवर पेन्सिलीने नंबर घातलेला. तिथे भक्ती नंतर, पाठदुखी आधी. घरी देवपूजा करत होते, पण ती दात घासावेत तशी. यजमान जाऊन सात वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन नव्या मुंबईला गेली होती, आणि मी स्वभावाने अशी फटकळ की आमच्या रामवाडीत मला शहाणपण शिकवायला सहसा कुणी येत नसे. त्यामुळे जे घडलं ते मी चमत्कार म्हणून सांगत नाही. माझ्या बाबतीत जसं घडलं तसं सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दिवाळीआधी उजव्या डोळ्यासमोर धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू निघाला. ज्या हातावर पोट आहे त्या हाताला डोळा लागतोच, म्हणून मी म्हटलं लगेच ऑपरेशन करून मोकळी होते. त्याआधी रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, त्या केल्या. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. ते म्हणाले, तुमच्या रक्तात हिपॅटायटीस सी निघालाय, आधी पनवेलला पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, डोळ्याचं मग बघू. मला त्या नावातलं काहीच कळलं नाही. कावीळ म्हणावी तर अंग पिवळं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. थोडा थकवा यायचा, पण या वयात तो कुणाला येत नाही?

पनवेलच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. लेकीच्या वेळी बाळंतपणात माझं रक्त थांबेना, तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्या काळी रक्ताची ही तपासणी नव्हती, तेव्हाच आलं असणार, इतकी वर्षं आत गुपचूप बसलं होतं. यकृत कडक व्हायला लागलंय, पण वेळ गेलेली नाही, औषध आहे आणि ते लागू पडतं. लेक शेजारी बसली होती, ती तिथेच रडायला लागली. तिला वाटलं, हे तिच्यामुळे झालं. मी तिला दटावलं. म्हटलं, ते रक्त नसतं तर तुला आई नसती, आता रडून डॉक्टरांचा वेळ खाऊ नकोस. वरवर असं बोलले खरी, पण घरी येऊन मीही पदर तोंडाला लावून रडले.

मला जास्त भीती वाटली ती वेगळीच. आम्ही आखणीवाल्या ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरतो. वाईट सवय आहे, पण सगळ्यांना आहे. कारखान्यात माझे ब्रश पोरी हक्काने उचलायच्या, आणि मी त्यांचे. मला वाटलं, मी किती जणींच्या अंगात हे घातलं असेल. डॉक्टरांना फोन करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, थुंकीने नाही पसरत, ताटाने नाही, शिवल्याने नाही, रक्त रक्ताला लागलं तरच. तेवढं ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तरी मालकांना डोळ्याचं कारण सांगून मी घरीच राहिले. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

औषध म्हणजे रोज एक गोळी, सकाळी नाश्त्यानंतर, तीन महिने. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही दिवस चुकवायचा नाही, मध्येच सोडलीत तर रोग पुन्हा उसळी मारेल. पहिल्या महिन्याची बाटली लेकीने आणि जावयाने मुंबईहून आणली, नावाजलेल्या परदेशी कंपनीची. काय ती गोळी. गुळगुळीत, फिकट गुलाबी, कडा घासून काढल्यासारख्या, वर बारीक अक्षरं कोरलेली. माझा जन्म फिनिशिंग बघण्यात गेला. रंग कुठे साचला, कुठे ओघळला, ते मला लांबून दिसतं. त्या गोळीत मला खोट काढता येईना, आणि म्हणून माझा तिच्यावर जीव बसला. सांगायला लाज वाटते, पण मी ती बाटली देव्हाऱ्यात ठेवली होती आणि रोज गणपतीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहत होते. महिन्याच्या आसपास रक्त तपासलं तर विषाणू कितीतरी खाली आलेला. मग तर काय, माझी खात्रीच पटली की मला वाचवणार ती ही गुलाबी गोळी.

पुढची बाटली आणायची वेळ आली तेव्हा डॉक्टर स्वतःच म्हणाले, आजी, आता हेच औषध सरकारी दवाखान्यातून घ्या. नाव वेगळं आहे, कंपनी आपल्याकडची आहे, आतलं औषध तेच. फुकट मिळतं. लेक म्हणत होती की आपण आहे तेच चालू ठेवू, पण जावयाने नजर खाली वळवली, त्यावरून खर्चाचं मला काय ते समजलं. मीच म्हटलं, सरकारी चालेल. त्या सुमारास ते औषध रोह्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा मिळायचं. रोह्याजवळच्या अष्टमी गावात माझं माहेर, म्हणजे वाट पायाखालची. एसटीने गेले आणि बाटली घेऊन आले. देणाऱ्या मुलीने वहीत नाव लिहून घेतलं, कशी घ्यायची ते नीट समजावलं. मी मान डोलावली, पण मन बाटलीत होतं.

घरी येऊन झाकण उघडलं आणि माझं तोंड वाकडं झालं. मातकट पिवळी गोळी. कडेला रंग जाड, मधे पातळ. एकीवर तर बारीकसा टवका उडालेला. आमच्या कारखान्यात असा पीस कुणी केला असता तर मी तो त्याच्या हातात परत दिला असता. मनात आलं, फुकट ते पौष्टिक म्हणतात ते हेच. आणि मग माझ्या हातून जे झालं ते फक्त पेणकराच्याच हातून होऊ शकतं. मूर्ती शाडूची की प्लास्टरची ते बघायचं असेल तर आम्ही तळाला नखाने खरवडतो आणि पाण्याचं बोट लावतो. शाडू विरघळायला लागते, प्लास्टर ढिम्म राहतं. मी तेच केलं. गुलाबी बाटलीत शेवटची एक गोळी उरली होती, ती दुसऱ्या दिवसाची. ती घेतली, नव्या बाटलीतली एक घेतली, दोन्ही पातीने खरवडल्या आणि रंगाच्या दोन वाट्यांत पाणी घालून त्यात सोडल्या. पिवळी बघता बघता फुगली, फुटली आणि चुन्याच्या निवळीसारखी झाली. गुलाबी अजून आकार धरून होती. मी स्वतःलाच म्हटलं, बघ, खडूची भुकटी आहे ही. माझं परीक्षण संपलं तेव्हा ध्यानात आलं की उद्याची चांगली गोळीही मी पाण्यात घातली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नाश्ता झाला की बाटली हातात घ्यायची, हलवायची आणि परत ठेवायची. लेकीचा फोन आला, आई गोळी घेतलीस ना? घेतली, म्हटलं. आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते. ती घ्यावी तर वाटायचं खडू खाऊन रोग वाढवते आहे, न घ्यावी तर डॉक्टरांचे शब्द आठवायचे. मला मरायची भीती वाटत होती, सरळ सांगते. नातवंडं अजून बघायची होती. अजून किती डोळे काढायचे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, ही बाटली रोह्याला नेऊन त्यांच्या तोंडावर परत करायची आणि खरी मागायची. नाही दिली तर लेकीपुढे पदर पसरायचा. नाश्ता केला, गोळी न घेताच बाटली पिशवीत टाकली आणि रोह्याची गाडी पकडली.

नागोठणं मागे पडलं तसा माझा धीर सुटत गेला. रोह्याला उतरले आणि दवाखान्यात जायच्या आधी पाय आपोआप धावीर महाराजांच्या देवळाकडे वळले. माहेरचं दैवत. लहानपणी पालखीच्या दिवशी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिलेली. त्या दिवशी देवळात फारसं कुणी नव्हतं. मी समोर उभी राहिले आणि चक्क भांडले. म्हटलं, एकतीस वर्षं तुमच्यातल्याच एकाचे डोळे काढतेय, फुकट काही मागितलं नाही. आता एकच सांगा, ही गोळी घेऊ की नको. काहीतरी खूण द्या. दहा मिनिटं उभी होते. फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही, पालसुद्धा चुकचुकली नाही. पुजाऱ्यांनी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, सावकाश जा हो, रस्ता खणलाय. मला रागच आला. मनात म्हटलं, बरं, नका सांगू, मी माझं बघते.

दवाखान्यात औषधाच्या खिडकीसमोर आठ-दहा माणसांची रांग होती. मी बाटली पिशवीतून काढून दोन्ही हातांत धरली, म्हणजे खिडकीशी पोचल्यावर शोधाशोध नको. काय बोलायचं ते मनात घोळवत होते. माझ्यापुढे एक बाई होती, माझ्याच वयाची. उन्हाने करपलेला वर्ण, गुडघ्यापर्यंतचं काष्टी लुगडं, पाय मिठाच्या पाण्याने चिरलेले. पेणच्या खाडीकडच्या मिठागरातली बाई, ते पाय बघून कुणीही ओळखलं असतं. कपाळ मोकळं होतं. तिच्याही हातात तशीच बाटली होती, तेच लेबल. तिचा नंबर आला. ती खिडकीतल्या मुलीला म्हणाली, "ही परत घ्या गो बाय. माझ्या मालकाची हाय. तो नाय आता." मुलीने बाटली हातात घेतली, उलटसुलट केली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. तिने विचारलं, "मावशी, यातली एकपण घेतली नाही त्यांनी?" ती बाई म्हणाली, "नाय." मुलगी म्हणाली, मला मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल, तुम्ही जरा बाकावर बसा. खिडकी तेवढ्यापुरती बंद झाली. रांग पांगली, कुणी पाणी प्यायला गेलं, कुणी भिंतीला टेकलं. मी त्या बाईशेजारी जाऊन बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. पाय दुखत होते असं म्हणू.

तिने आपणहून सांगायला सुरुवात केली. दुःखाला ओळखपाळख लागत नाही. नवऱ्याला हाच रोग होता. यकृत बरंच खराब झालेलं. इथून बाटली मिळाली तेव्हा त्याने ती घरी नेली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. "बोलला, फुकटचा औषध म्हंजे पान्याच्या गोल्या. पोरगा पैसे जमवील, मग मोठ्या कंपनीचा आनू. मी किती सांगितला. डॉक्टर बोललं, नर्सबाय घरी येऊन बोलली. ऐकला नाय. चार महिने थांबला. मंग एक दिवस रक्ताची उलटी झाली, नि दवाखान्यात नेस्तवर..." मग ती एकदम हसली, आणि त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा आला. "उभा जन्म त्यानी सुटा मीठ विकला, बाय. गोनीतला. शेरातले लोक तेच मीठ पिशवीत घालून नाव छापतात, नि आमी दोगं त्याच्यावर हसायचो. नि सोताला मातर औषध नावाचा पायजे होता."

तिने माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "तूपन ह्याच घेतेस?" खरं सांगायला हवं होतं. मी परत करायला आलेय, तुमच्या मालकांना वाटलं तेच मला वाटतंय, असं म्हणायला हवं होतं. पण त्या बाईच्या तोंडावर ते कसं म्हणू? मी म्हटलं, "हो, घेते ना." ती म्हणाली, "आजची झाली?" मी म्हटलं, "नाही अजून. प्रवासात राहिली." तर तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून उघडलं आणि माझ्यापुढे धरली. "मंग घे माझ्यासमोर. एक डाव बघू दे मना, कुनीतरी ही गोली घेताना. घरात चार महिने मी ती बाटली रोज पुसली. कुनी उघडली नाय."

तिचा हात पुढे आलेला होता आणि माझ्याकडे आता पळवाट नव्हती. बाटली उघडली. पहिली गोळी तळहातावर आली ती नेमकी तीच टवका उडालेली. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते नीट सांगायचं तर भीती गेली नव्हती. विश्वासही आला नव्हता. फक्त माझी सगळी पारख, माझं सगळं शहाणपण कुठेतरी गळून गेलं. मी मनात म्हटलं, महाराज, मला यातलं काही कळत नाही, मला आता कळून घ्यायचंही नाही, घेते. गोळी तोंडात टाकली आणि तिच्या हातचं पाणी प्यायले. त्या पाण्याला खाडीकडच्या पाण्याची किंचित मचूळ चव होती. ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. गोळी खाली उतरली तसा तिने मोठा श्वास सोडला आणि पदराने डोळे पुसले. "बरा केलास," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला.

खिडकी उघडली, तिची बाटली त्यांनी ठेवून घेतली आणि वहीवर अंगठा घेतला. मी रांगेत परत गेलेच नाही. पेणपर्यंत आम्ही एकाच गाडीत होतो. तिने मिठागराच्या गोष्टी सांगितल्या, सुनेची थोडी कागाळी केली, माझ्या लेकीची चौकशी केली. गावाचं नावही सांगितलं. रामवाडीला उतरल्यावर ती तिच्या टमटमकडे गेली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी पनवेलच्या डॉक्टरांना फोन करून सगळं कबूल केलं. वाट्यांतल्या प्रयोगासकट. ते आधी चिडले. दोन दिवस चुकवले म्हणून चांगलंच ऐकवलं. मग त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "आजी, वरचा थर खरवडल्यावर कुठली गोळी किती टिकते यावरून काही ठरत नाही. आणि गोळी शेवटी पोटात विरघळायलाच हवी ना. तशीच राहिली तर रक्तात जाणार कशी?" मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. आमच्या धंद्यात जी विरघळते तीच शाडूची, तीच अस्सल, तिच्यासाठीच गिऱ्हाईक चार महिने आधी सांगून ठेवतं. मला पारख होती, पण भीतीने ती उलटी धरली होती. डॉक्टर म्हणाले, आता एकही चुकवू नका, बाकी काळजी माझ्यावर सोडा. लेकीलाही खरं सांगितलं. तिने फोन आपटला, अर्ध्या तासाने परत लावला आणि म्हणाली की यापुढे रोज सकाळी व्हिडिओवर गोळी घेताना दाखवायची. दाखवली. उरलेले दिवस तिच्या देखत घेतल्या, आणि रोज घोट घेताना मला तो पुढे आलेला हात दिसायचा.

औषध संपल्यावर तीन महिने थांबून शेवटची तपासणी करतात. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. काम सुरू केलं होतं, एका डोळ्याने जमेल तेवढं. रिपोर्ट लेकीच्या मोबाईलवर आला. तिने फोन लावला आणि नुसती रडत राहिली. मला वाटलं संपलं सगळं. मी म्हटलं, अगं बोल तरी. तेव्हा ती म्हणाली, आई, नाही सापडला. रक्तात काही नाही सापडलं. मी कारखान्यात होते, समोर ओळीने गणपती होते, अजून रंग न लावलेले. मी ब्रश ठेवला आणि तिथल्या पहिल्या मूर्तीपुढे जमिनीवर डोकं टेकलं. पोरी धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांना मग सगळं सांगितलं, इतके दिवस लपवलेलं नावसुद्धा. एकीनेही माझा ब्रश बाजूला सारला नाही. पुढे महिन्याभरात डोळ्याचं ऑपरेशनही नीट झालं.

पण त्याच्या आधी, रिपोर्ट आल्यावर तिसऱ्या दिवशी, मी त्या बाईच्या गावाला गेले. मनाला एक टोचणी होती. तिच्यासमोर मी खोटं बोलले होते. गावात विचारत विचारत घर सापडलं. ती मिठागरावर होती. वैशाखाचं ऊन, मिठाच्या राशी नुसत्या डोळे दिपवत होत्या, आणि ती बांधावर बसून चहा पीत होती. मला बघून उठली. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि माझ्या गालांवरून हात फिरवला. मी सांगितलं, बरी झाले, रक्त साफ आलं. तिने आकाशाकडे बघून हात जोडले. मग मी धीर करून म्हटलं, "ताई, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी खोटं बोलले. मी त्या गोळ्या घेत नव्हते. तुमच्यासारखीच परत करायला आले होते."

ती हसली. रोह्याच्या बाकावरचं हसणं हे नव्हतं. "मना ठावं होता," ती म्हणाली. "औषध न्यायला येतो तो रिकामी बाटली घेऊन येतो, बाय. तू भरलेली धरून उभी होतीस, माझ्यासारकीच. मी लगेच वलखला. म्हनून तर पानी पुढे केला."

मी बांधावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. ती पाठीवर हात फिरवत राहिली, घरी चल, जेवून जा, म्हणत राहिली. मी गेले, तिच्या हातचा भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवले. त्या दिवसापासून मी देवाकडे खूण मागणं सोडलं आहे. खूण मागणाऱ्याला वाटतं, आपली परीक्षा देव घेईल आणि मग ठरवेल. माझी तर परीक्षा झालीच नाही. मी खोटी आहे, घाबरट आहे, हे समोरच्याला पहिल्या नजरेतच कळलं होतं, आणि तरीही पाणी पुढे आलं. अशा देण्यापुढे आपण काय पारखायचं. तोंड उघडायचं आणि दिलं ते घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढंही त्या माउलीनेच माझ्याकडून करवून घेतलं.